घसारा

दसऱ्यानंतर एकदा बांगड्यांची रास पडली,
शंभरला वीस.
मी चाळीस घेतले.
येताना सुपरमार्केटात दोन किलो मटारांवर एक किलो फुकट,
आणि कोंबडीच्या तंगड्या अर्ध्या किमतीत,
कारण त्यांची तारीख परवा संपत होती.
खडपाबांधचा चढ चढताना पिशवीचे बंद बोटांत रुतले
आणि मला वाटलं, जिंकले.

त्यासाठीच तर फ्रीझर घेतला होता,
चतुर्थीच्या ऑफरात, साडेसोळा हजारांचा.
देवघराच्या मागच्या भिंतीला टेकवला, प्लग तिथेच होता.
विश्वंभर म्हणाले, देवाच्या पाठीला मासे लावलेस.

मी बारावीला हिशेब शिकवते,
म्हणजे वही घालणं आलंच.
जमेला, महिन्याचे वाचलेले पाचशे चाळीस.
नावे, वीज,
दिवसाला एक युनिट धरलं तरी सव्वाशे.
झिपच्या पिशव्या साठ.
आणि घसारा:
वस्तू नुसती उभी राहूनही झिजते, त्याचे पैसे.
सात वर्षांनी भागले, बारा महिन्यांनी भागले,
एकशे शहाण्णव.
उरले एकशे एकोणसाठ.
वाईट नाही.

मग तळाचं पाकीट सापडलं फेब्रुवारीत,
बर्फाच्या ढेकळात हिरव्या गोट्या.
अठ्ठ्याहत्तर वजा.

मग एका रविवारी वीज खात्याने फांद्या छाटायला घेतल्या,
सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.
झाकण उघडायचं नाही, अशी घरात ताकीद.
ताप चढलेल्या माणसावर घालावी
तशी गोधडी घातली आम्ही फ्रीझरवर,
आणि पाहुणे आले तरी त्यांना थंड पाणी दिलं नाही.
गोधडीची नोंद कुठे करतात
हे पाठ्यपुस्तकात नाही.

शर्वाणी हुमणात बोट बुडवून म्हणाली,
आई, हा बांगडा अजून झोपेत आहे.
तिरफळं दुप्पट घातली होती मी.
तीही काही फुकट येत नाहीत.

पण मला सांगायचंय ते कायतानचं.

बोरीच्या पुलापलीकडून तो स्कूटर घेऊन येतो,
मागे निळा खोका, हॉर्न दोनदा आखूड, एकदा लांब.
लांब हॉर्न आमच्या फाटकाचा होता.
पगार लांबला त्या वर्षी चार महिने त्याने
एक रुपया मागितला नाही,
सुंगटं आली की माझा वाटा बाजूला,
वर केळीच्या पानाचा तुकडा.
ऑक्टोबरात मी आतूनच हात हलवला, नको.
नोव्हेंबरात पडद्याआड उभी राहिले.
पडदा पातळ होता, त्याला दिसलं असणार.
डिसेंबरात कधीतरी
लांब हॉर्न बंद झाला.
नेमका कधी, ती तारीख माझ्याकडे नाही,
पाकिटांवर मात्र सगळ्या आहेत.

घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा.
मुलं हे घोकून म्हणतात, मी मान डोलावते.

आज ताट घेऊन फाटकात उभी राहिले.
आत बांगड्यांची सहा पाकिटं असताना.
तो जवळपास निघूनच गेला होता,
मग ब्रेक लावला, पाय टेकला, स्कूटर बंद केली नाही.
"बाये, तुमगेर आसतलें मगो."
टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.
मी म्हटलं, वेळ्यो दे, दोनशेच्या.
त्याने मोजल्या.
पूर्वी मोजून झाल्यावर वर दोन टाकायचा,
आकड्याकडे न बघता.
आज मोजून दिल्या.
मीही मोजून पैसे दिले.

पुढच्या आठवड्यात वर्गात ख्याती घ्यायची आहे.
एरवी ती वहीत कुठेच दिसत नाही.
भागीदार नवा आला,
किंवा जुना निघाला,
की मग मात्र किंमत काढावी लागते.
तीन पद्धती आहेत. तिन्ही मला येतात.

अंगणात बसून वेळ्यो साफ करतेय.
भिंतीपलीकडे फ्रीझर सुरू झाला,
थांबला,
पुन्हा सुरू झाला.